नियम २९ : धीरेंद्रनाथ दत्त यांची संसदीय कारकीर्द



संसदेचे कामकाज-नियम हे काही आवडीने वाचायचे वाङ्मय नव्हे. निवडून आलेले बहुतेक सभासदसुद्धा ते वाचत नाहीत; अडले की सचिवालयातल्या माणसाला विचारतात. पाकिस्तानच्या संविधान सभेपुढे फेब्रुवारी १९४८ मध्ये नियमांचा मसुदा आला, तेव्हा तो ओळीने वाचणारा एक सभासद कराचीच्या त्या सभागृहात होता. नाव धीरेंद्रनाथ दत्त. वय एकसष्ट, पेशा वकिलीचा, गाव पूर्व बंगालमधले कुमिल्ला, पक्ष काँग्रेस, धर्म हिंदू. मसुद्यातला एकोणतिसावा नियम सांगत होता की सभासदांनी उर्दूत किंवा इंग्रजीत बोलावे. दत्तांनी दुरुस्तीची सूचना दिली : पोटनियम एक, ओळ दुसरी, ‘इंग्रजी’ या शब्दानंतर ‘किंवा बंगाली’ असे घालावे.

दुरुस्ती एवढीच होती, दोन शब्दांची. ती फेटाळली गेली. पुढच्या तेवीस वर्षांत त्या देशाचे जे झाले ते आपण जाणता, आणि दत्तांचे जे झाले ते फारसे कुणाला ठाऊक नाही. म्हणून आज हा विषय घेतला.

अल्पसंख्य समाजातून आलेल्या खासदाराविषयी बोलायचे म्हटले की आपल्याकडे दोन साचे तयार असतात. एक, आपल्या जमातीची गाऱ्हाणी मांडणारा. त्याला आपण फार तर सहानुभूतीने ऐकतो. दुसरा, बहुसंख्यांच्या पक्षाने दर्शनी भागात बसवलेला. त्याच्या उपस्थितीचेच कौतुक होते, बोलण्याचे सहसा होत नाही. दत्त या दोन्हींत बसत नाहीत. त्यांनी आयुष्यातले सगळ्यात गाजलेले भाषण केले ते बहुसंख्यांच्या वतीने. पाकिस्तानात बंगाली बोलणारे बहुसंख्य होते, आणि त्यांतले बहुसंख्य मुसलमान होते. त्यांचे म्हणणे मांडायला उभा राहिला तो एक हिंदू वकील. मागणी कुणाची आहे हे बाजूला राहिले आणि ती मांडतो कोण याचीच चर्चा झाली. मला आज जे सांगायचे आहे ते या एका गोष्टीभोवतीच आहे.

आधी माणूस समजून घेऊ. २ नोव्हेंबर १८८६ रोजी ब्राह्मणबाडियाजवळच्या रामराइल गावात त्यांचा जन्म झाला. वडील मुन्सिफ कोर्टात नोकरीला. म्हणजे घरात दस्तऐवज, स्टॅम्प, फेरफार, तारखा हे शब्द लहानपणापासून कानावर पडलेले. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. कलकत्त्याच्या रिपन कॉलेजात शिक्षण झाले. ते कॉलेज सुरेंद्रनाथ बॅनर्जींचे, आणि काळ वंगभंगाच्या चळवळीचा, त्यामुळे राजकारण वेगळे शिकावे लागले नाही. काही दिवस शाळामास्तरकी करून १९११ मध्ये ते कुमिल्ल्याच्या कोर्टात वकील म्हणून उभे राहू लागले. मग काँग्रेस, तुरुंग, पुन्हा वकिली, पुन्हा तुरुंग. त्या पिढीच्या मुफस्सल वकिलाचे चरित्र इथपर्यंत ठराविक असते; ते मी भराभर ओलांडतो.

१९३७ मध्ये ते बंगालच्या विधानसभेत निवडून गेले. तिथे कुळकायद्याच्या, शेतकरी-कर्जाच्या आणि सावकारी कायद्याच्या कामात त्यांनी भाग घेतला. पूर्व बंगालमध्ये जमीनदार आणि सावकार बहुतेक हिंदू, कुळे बहुतेक मुसलमान. हिंदू भद्रलोकांतल्या वकिलाने कुळांच्या बाजूचे कायदे उचलून धरणे म्हणजे स्वतःच्या अशिलांशी वैर घेणे. महाराष्ट्रात दख्खनच्या दंग्यांनंतरचा सावकारीचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना यातली गोम सांगायला नको. दत्तांना शेतकऱ्याचा कागद वाचता येत होता, आणि तो कागद शेतकऱ्याला वाचता येत नाही हेही त्यांना ठाऊक होते.

मग फाळणी. १९४६ मध्ये बंगाल विधानसभेने संविधान सभेवर पाठवलेल्या सभासदांपैकी ज्यांचे जिल्हे पूर्वेकडे गेले, ते पाकिस्तानच्या संविधान सभेचे सभासद झाले. इथे महाराष्ट्राचा एक धागा येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर पहिल्यांदा संविधान सभेत गेले ते मुंबईतून नव्हे, बंगालमधून. आणि त्यासाठी धडपड केली ती जोगेंद्रनाथ मंडल या बंगालच्या अनुसूचित जातींच्या नेत्याने. फाळणीनंतर बाबासाहेब बॅरिस्टर जयकरांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर मुंबईतून पुन्हा निवडून आले. मंडल पाकिस्तानात गेले. १० ऑगस्ट १९४७ रोजी कराचीत संविधान सभा भरली तेव्हा तिचे तात्पुरते अध्यक्ष मंडल होते. दुसऱ्या दिवशी जीनांनी ते प्रसिद्ध भाषण केले, की तुमच्या धर्माशी राज्यकारभाराला काही कर्तव्य नाही. मंडल पहिल्या मंत्रिमंडळात कायदामंत्री झाले. दोन शेजारी देश, एकाचा कायदामंत्री आंबेडकर, दुसऱ्याचा मंडल. या गोष्टीवर आपल्याकडे जेवढे लिहायला हवे होते तेवढे लिहिले गेलेले नाही.

दत्त मंत्री नव्हते. ते विरोधी बाकांवर बसले. पाकिस्तान नॅशनल काँग्रेस हा तिथला विरोधी पक्ष. सगळेच सभासद अल्पसंख्य, जवळपास सगळे पूर्व बंगालचे. सत्ताधारी मुस्लिम लीग, विरोधी पक्ष हिंदू. संसदीय लोकशाहीला याहून वाईट मांडणी सुचवणे कठीण आहे. अर्थसंकल्पावरची साधी कपात-सूचनासुद्धा अशा सभागृहात धार्मिक होऊन बसते. सरकारी पक्षातल्या एखाद्याला विरोधकांचे म्हणणे पटले तरी त्याने हात वर करायचा कसा?

आता फेब्रुवारी १९४८ च्या त्या आठवड्याकडे येऊ. दत्तांनी नियमांवर दोन दुरुस्त्या आणल्या होत्या. पहिली अशी की संविधान सभेचे वर्षातून एक तरी अधिवेशन ढाक्याला भरावे. दोन भागांच्या मध्ये हजार मैलांचा हिंदुस्थान होता. पूर्वेच्या सभासदाला प्रत्येक बैठकीसाठी तो ओलांडून कराची गाठावी लागे. या मागणीला लीगच्याच शाइस्ता इक्रामुल्ला यांनी पाठिंबा दिला आणि आपण वसाहत आहोत अशी भावना पूर्वेकडे वाढते आहे, असे त्या सरळ बोलून गेल्या. ती दुरुस्तीही मंजूर झाली नाही.

दुसरी, भाषेची दुरुस्ती, २५ फेब्रुवारीला चर्चेला आली. दत्तांचे भाषण लांबलचक नव्हते. सुरुवातीलाच त्यांनी सांगून टाकले की हे संकुचित प्रांताभिमानातून आलेले नाही. मग आकडा दिला : राज्याची लोकसंख्या सहा कोटी नव्वद लाख, त्यांतले चार कोटी चाळीस लाख बंगाली बोलतात. राज्याची भाषा बहुसंख्यांची असायला हवी. इथवर कुणीही बोलला असता. पुढे त्यांनी जे केले ते कोर्टात मुरलेल्या माणसाचे काम आहे. त्यांनी सभागृहाला पोस्टात नेले.

गावातला एक गरीब शेतकरी. त्याचा मुलगा ढाका विद्यापीठात शिकतो. त्याला पैसे पाठवायचे म्हणून बाप पोस्टात जातो आणि मनीऑर्डरचा फॉर्म मागतो. फॉर्म उर्दूत आणि इंग्रजीत छापलेला. पोस्टमास्तर बंगाली, बाप बंगाली, ज्याला पैसे जायचे तो मुलगा बंगाली, आणि फॉर्म लिहून घ्यायला या माणसाने दूरच्या गावी जाऊन वाचणारा शोधायचा. दुसरे उदाहरण जमिनीच्या खरेदीचे. शेतकरी स्टॅम्प व्हेंडरकडून स्टॅम्प घेतो. त्यावरची किंमत उर्दू-इंग्रजीत. आपण मोजले तेवढ्याच पैशांचा स्टॅम्प हातात पडला की कमी किमतीचा, हे त्याला कळायला मार्ग नाही. नाण्यांवर बंगाली नाही, तिकिटांवर नाही.

वर वडिलांच्या नोकरीचा तपशील लक्षात ठेवायला सांगितले ते यासाठी. भाषेवरच्या वादात संस्कृती, अस्मिता, महाकवी असे सगळे आणता येते, आणि रवींद्रनाथांच्या भाषेविषयी बोलणाऱ्या बंगाल्याला तर तो मोह आवरणे कठीण. दत्तांनी स्टॅम्प व्हेंडर आणला. तो माणूस फसवतो हे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. आपल्या तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेला अर्जनवीस ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो शेतकरी ओळखू येईल.

उत्तर द्यायला पंतप्रधान लियाकत अली खान स्वतः उभे राहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : आधी वाटले की दुरुस्ती निरुपद्रवी आहे, ज्या सभासदांना उर्दू-इंग्रजी येत नाही त्यांच्या सोयीची आहे. आता दिसते की पाकिस्तानच्या लोकांत फूट पाडण्याचा आणि मुसलमानांना जोडणारा दुवा तोडण्याचा हा डाव आहे. पाकिस्तान या उपखंडातल्या दहा कोटी मुसलमानांच्या मागणीमुळे जन्मले, त्यांची भाषा उर्दू आहे. पाकिस्तान मुस्लिम राज्य आहे आणि त्याची भाषा मुस्लिम राष्ट्राचीच भाषा असणार.

मनीऑर्डरच्या फॉर्मविषयी ते काय बोलले? काही नाही. युक्तिवादाला उत्तर देण्याऐवजी मांडणाऱ्याच्या हेतूवर बोट ठेवायचे ही सभागृहातली जुनी युक्ती आहे, पण इथे तिला एक वेगळी धार होती. हेतूचा पुरावा म्हणून दत्तांच्या बोलण्यातले काहीच दाखवावे लागले नाही. त्यांचे नाव पुरेसे होते. हीच दुरुस्ती लीगच्या एखाद्या बंगाली मुसलमान सभासदाने आणली असती तर लियाकत अलींना मुसलमानांचा दुवा तोडण्याची भाषा वापरणे जड गेले असते. तशी ती कुणी आणली नाही. पूर्व बंगालचे मुख्यमंत्री ख्वाजा नाझिमुद्दीन उठले आणि आपल्या प्रांतातल्या बहुसंख्य लोकांना उर्दूच हवी आहे असे सांगून बसले. नाझिमुद्दीन ढाक्याच्या नवाब घराण्यातले. त्यांच्या घरी उर्दू बोलत. त्यांच्या दृष्टीने ते घरचेच सत्य सांगत असावेत.

पाठिंबा दिला तो प्रेमहरी बर्मन, भूपेंद्रकुमार दत्त आणि श्रीशचंद्र चट्टोपाध्याय यांनी. नावे वाचा म्हणजे कळेल, सगळे हिंदूच. यांतले भूपेंद्रकुमार जुने क्रांतिकारक, इंग्रजांच्या तुरुंगात वर्षानुवर्षे काढलेले. चट्टोपाध्यायांनी लियाकत अलींच्या भाषणातले वर्म नेमके पकडले. आजवर आमची समजूत होती की हे राज्य मुसलमानांचे तसेच बिगरमुसलमानांचे, सगळ्या लोकांचे आहे. सभागृहनेत्याचे म्हणणे खरे असेल तर राज्यघटना घडवण्याच्या कामात आम्ही बसावे की नाही याचाच आम्हाला विचार करावा लागेल, अशा आशयाचे ते बोलले. जीनांच्या अकरा ऑगस्टच्या भाषणाला तेव्हा सात महिनेही झाले नव्हते.

आवाजी मतदानाने दुरुस्ती पडली. या संविधान सभेच्या मूळ एकोणसत्तर जागांपैकी चव्वेचाळीस पूर्व बंगालच्या होत्या. सभागृहात बंगाल्यांचे बहुमत होते. बंगाली हरली ती अशा सभागृहात.

पुढचे आठवडे बांगलादेशाच्या शालेय पुस्तकात असतात. ढाक्यात विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले. ११ मार्चला हरताळ झाला. त्यात अटक झालेल्यांत शेख मुजीबुर रहमान नावाचा एक तरुण होता. जीना ढाक्याला आले आणि २१ मार्चला रमना रेसकोर्सवरच्या सभेत राज्यभाषा उर्दूच राहील असे त्यांनी निक्षून सांगितले. २४ तारखेला कर्झन हॉलमध्ये तेच सांगितल्यावर विद्यार्थ्यांनी तोंडावर नकार दिला. दत्तांच्या परतीची एक आठवण तिकडे अजून सांगितली जाते. कराचीहून ते ढाक्याच्या तेजगाव विमानतळावर उतरले तेव्हा चादरी पांघरलेल्या पोरांचा एक घोळका वाट अडवून उभा दिसला. सभागृहात देशद्रोहाचा वास घेतला गेलेला, पोलीस नावालाच. चादरीखाली शस्त्रे असणार असे धरून म्हातारा पुढे चालत गेला. पोरांनी चादरीखालून फुले काढली आणि त्यांच्यावर उधळली. आठवणीला काळाबरोबर थोडा रंग चढला असेल, तरी मला ती खरी वाटते, कारण तिच्यात दत्तांची भीती लपवलेली नाही.

आता जरा आपल्याकडे पाहू, नाहीतर हे भाषण परक्यांच्या दोषांची मोजदाद होईल. दिल्लीत आपली संविधान सभा बसली तिच्या दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबर १९४६ ला, कामकाज-नियमांच्या समितीवरच चर्चा चालली होती. झाशीचे रघुनाथ विनायक धुळेकर हिंदुस्थानीत बोलायला उठले. अध्यक्षांनी अनेकांना ती समजत नाही असे सांगितले, तेव्हा धुळेकर म्हणाले की ज्यांना हिंदुस्थानी येत नाही त्यांना हिंदुस्थानात राहण्याचा हक्क नाही. धुळेकर मराठी घराण्यातले. पूर्वज झाशीला गेले आणि वंशजाने दक्षिणेतल्या लोकांना देशाबाहेरचा रस्ता दाखवला! फरक पडला तो एवढ्यामुळे की त्या सभागृहात त्यांना गप्प बसवणारे अध्यक्ष होते, आणि हिंदी नको म्हणणारे मद्रासचे सभासद सत्ताधारी काँग्रेसमध्येच बसलेले होते. भाषेचा विरोध पक्षाच्या आतून आला, म्हणून तो तडजोडीत मुरला. कराचीत तो फक्त समोरच्या बाकांवरून आला.

१९४९ च्या मार्चमध्ये लियाकत अलींनी उद्दिष्टांचा ठराव आणला. सार्वभौमत्व ईश्वराचे, आणि राज्याने ते त्याने घालून दिलेल्या मर्यादेत वापरायचे. काँग्रेसच्या सभासदांनी दुरुस्त्या सुचवल्या. ठराव निदान जनमतासाठी प्रसृत करा, अशीही सूचना आली. दुरुस्त्या दहा विरुद्ध एकवीस मतांनी पडल्या. एवढ्या मोठ्या विषयावर एकतीस माणसे हजर! नंतर पाकिस्तानात जे जे घडले त्याचे मूळ या ठरावात शोधण्याची पद्धत आहे, आणि तिच्यात तथ्यही आहे. मला मात्र निकाल आधीच्या वर्षीच लागलेला दिसतो, नियम २९ च्या दिवशी. सभासदाचे म्हणणे त्याच्या धर्मावरून तोलायचे हे एकदा चालून गेले की मोठा ठराव मंजूर होणे ही केवळ वेळेची बाब राहते.

यानंतरची दोन वर्षे निघून जाणाऱ्यांची आहेत. काँग्रेसचे आधीचे नेते किरणशंकर राय १९४८ मध्येच कलकत्त्याला जाऊन पश्चिम बंगालचे गृहमंत्री झाले होते. १९५० च्या फेब्रुवारीत पूर्व बंगालमध्ये दंगे झाले, एप्रिलमध्ये नेहरू-लियाकत करार झाला, आणि ऑक्टोबरमध्ये कायदामंत्री मंडल यांनी कलकत्त्याहून राजीनामा पाठवला. तो राजीनामा लांबलचक आहे आणि वाचवत नाही, इतका तपशील त्यात आहे. मंडल यांना भारतातही कुणी जवळ केले नाही. १९५१ च्या जनगणनेत पूर्व बंगालमध्ये हिंदू साधारण बावीस टक्के उरले होते.

दत्त गेले नाहीत. कुमिल्ल्यापासून त्रिपुराची सरहद्द काही मैलांवर. संध्याकाळी फिरायला निघावे इतकी जवळ. जे गेले ते पळाले असे मी म्हणणार नाही. ज्यांच्या घरांना आगी लागल्या त्यांना राष्ट्रनिष्ठेचे पाठ देण्याचा अधिकार पुण्या-मुंबईत बसलेल्या कुणाला नाही. पण राहणाऱ्याने रोज काय किंमत दिली तेही मोजावे. तो बोलला तर भारताचा हस्तक, गप्प बसला तर सरकारने मिरवायचा नमुना.

२१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्यात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला त्या दिवशी प्रांतिक विधानसभेची बैठक होती, आणि दत्त तिचेही सभासद होते. मुख्यमंत्री नुरुल अमीन यांनी आधी हॉस्पिटलात जाऊन जखमींना पाहावे आणि सभागृह तहकूब करावे, अशी मागणी ज्या सभासदांनी लावून धरली त्यांत मनोरंजन धर आणि दत्त होते. यावेळी चित्र बदलले. लीगचेच मौलाना अब्दुर रशीद तर्कबागीश उठून उभे राहिले आणि आपल्या पक्षाच्या सरकारचा धिक्कार करत बाहेर पडले. चार वर्षांपूर्वी जी मागणी हिंदूंची ठरली होती ती मेलेल्या मुसलमान पोरांच्या रक्ताने सगळ्यांची झाली. संविधान सभेने १९५४ च्या मे महिन्यात बंगालीला राज्यभाषा म्हणून मान्यता दिली आणि १९५६ च्या घटनेत कलम २१४ मध्ये उर्दूबरोबर बंगाली आली. दत्तांनी सहा कोटी नव्वद लाखांचे गणित मांडले होते तेच हे. ते पटायला आठ वर्षे लागली.

या काळातली आणखी एक मागणी आपल्याकडे सहसा कुणी सांगत नाही. पाकिस्तानातल्या हिंदू काँग्रेसवाल्यांनी संयुक्त मतदारसंघ मागितले. १९५४ च्या प्रांतिक निवडणुकीत तीनशे नऊपैकी बहात्तर जागा बिगरमुसलमानांना राखून होत्या. संयुक्त मतदारसंघ आले की यांतल्या कितीतरी जागा हातच्या जाणार हे उघड होते. तरी त्यांनी ते मागितले. मुस्लिम लीगला स्वतंत्र मतदारसंघ हवे होते. हिंदूंनी आपल्या जागा घ्याव्यात आणि आपल्यापुरते बोलावे, अशी ती व्यवस्था. येरवड्याच्या करारामुळे या विषयाची एक बाजू महाराष्ट्राला पाठ आहे. त्या करारात बाबासाहेबांनी काय गमावले याची खंत करणाऱ्याला कराचीतल्या या मागणीचे कोडे वाटेल. मला दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या वाटतात. जिथे बहुसंख्य तुम्हाला माणसांत धरत नाहीत तिथे तुमचा वेगळा मतदार हे संरक्षण होते. जिथे बहुसंख्य तुम्हाला वेगळ्या खोलीत बसवून दार लावून घेऊ पाहतात तिथे तेच कोंडवाड्यासारखे होते. १९५६ मध्ये पूर्व पाकिस्तानापुरते संयुक्त मतदारसंघ मान्य झाले. त्यांवर निवडणूक होण्याआधीच लष्करी राजवट आली.

१९५६ ते ५८ ही दोन वर्षे दत्त अताउर रहमान खान यांच्या अवामी लीग मंत्रिमंडळात आरोग्य आणि समाजकल्याण खात्याचे मंत्री होते. मंत्री म्हणून त्यांनी फार मोठे काही केले असा दावा मी करणार नाही. सरकारे पडत होती, उठत होती. सप्टेंबर १९५८ मध्ये तर प्रांतिक विधानसभेत हाणामारी होऊन उपसभापती शाहेद अली जखमी झाले आणि मरण पावले. नियमांचे पुस्तक जपणाऱ्या माणसाने हेही पाहिले. दोन आठवड्यांत मार्शल लॉ आला. अयूब खानांच्या एब्डो नावाच्या वटहुकमाखाली राजकारण्यांना निवडणुकांतून बाद करण्यात आले. दत्त त्यांत होते. १९६५ च्या युद्धात त्यांना घरातच नजरकैदेत ठेवले. वयाच्या ऐंशीकडे झुकलेला माणूस दुसऱ्या देशाशी युद्ध सुरू झाले म्हणून आपल्याच घरात कैदी.

१९७१ च्या २५ मार्चच्या रात्री ढाक्यात लष्कराने कत्तल सुरू केली. आगरतळ्याला जायला अजून वाट होती. चौऱ्याऐंशी वर्षांचे दत्त घरीच राहिले. २९ मार्चच्या रात्री सैनिकांनी त्यांना आणि त्यांचा मुलगा दिलीप याला कुमिल्ल्याच्या घरातून उचलले आणि मयनामती छावणीत नेले. दोघेही परत आले नाहीत, प्रेतेही मिळाली नाहीत. छावणीत काम करणाऱ्या एका न्हाव्याची साक्ष नंतर छापून आली; म्हाताऱ्याच्या अंगाची काय दशा केली होती ते त्याने पाहिले होते. ते मी इथे सांगत नाही. सैनिकांनी त्यांनाच का उचलले हे कुणी विचारले तर मी २५ फेब्रुवारी १९४८ च्या कामकाजाचा वृत्तांत दाखवीन. तेवीस वर्षांपूर्वीची पडलेली दुरुस्ती सरकारी दप्तरात जिवंत होती.

बांगलादेशाने त्यांना नंतर मान दिला. १९९७ मध्ये स्वातंत्र्य पुरस्कार. कुमिल्ल्याच्या स्टेडियमला त्यांचे नाव दिले गेले. नात आरमा दत्त २०१९ मध्ये महिलांच्या राखीव जागेवरून संसदेत गेल्या. या सगळ्यात ते ‘भाषा-सैनिक’ आणि ‘शहीद’ झाले. दोन्ही खरेच आहे, पण त्यात पोटनियम एक, ओळ दुसरी, ही पुसली जाते. मला तो माणूस हुतात्मा म्हणून जेवढा मोठा वाटतो त्याहून विधिमंडळातला कारागीर म्हणून मोठा वाटतो. ज्या सभागृहात एकही मतदान आपण जिंकणार नाही हे ठाऊक आहे तिथे नीट शब्दांत दुरुस्ती लिहिणे, वेळेत सूचना देणे, आकडा तपासून आणणे आणि हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा जागेवर येऊन बसणे, याला वेगळा कणा लागतो.

इथे थांबलो असतो तर आपण सगळे समाधानाने घरी गेलो असतो. पण बंगाली जिंकल्यानंतरची एक तारीख सांगायलाच हवी. ३१ ऑक्टोबर १९७२. ढाका, बांगलादेशाची संविधान सभा. राज्यघटनेच्या सहाव्या कलमाला दुरुस्ती आली की बांगलादेशाचे नागरिक बंगाली म्हणून ओळखले जातील. चितगावच्या डोंगराळ भागातून निवडून आलेले मानवेंद्र नारायण लार्मा उठले. ते चकमा. आपण बांगलादेशाचे नागरिक आहोत, पण बंगाली नाही, आपले वाडवडील कधी स्वतःला बंगाली म्हणवत नव्हते, असे त्यांनी सांगितले. दत्त बहुसंख्यांच्या वतीने बोलले म्हणून त्यांच्यावर फुटीचा आरोप आला होता. लार्मा आपल्या लोकांपुरते बोलले, आणि त्यांनाही ऐक्याचाच धडा ऐकावा लागला. दुरुस्ती मंजूर झाली. लार्मा सभागृह सोडून गेले. सहावे कलम मधल्या काळात बदलले होते. २०११ च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने त्यात राष्ट्र म्हणून जनता बंगाली आणि नागरिक म्हणून बांगलादेशी असे पुन्हा लिहिले गेले. लार्मांची १९८३ मध्ये हत्या झाली होती. १९७२ च्या त्या सभागृहात दत्त असते तर ते लार्मांच्या मागे उठून उभे राहिले असते का, याचे उत्तर कागदपत्रांत सापडत नाही. नियम २९ वाचून मला वाटते, राहिले असते. मतदानाचा निकाल बदलला नसता.